साफ पाणी

व्हॉल्व्हच्या चावीचा बारावा फेरा देताना हरेश्वरच्या नाकातून पाण्याचा थेंब निघाला आणि चावीच्या लोखंडी दांड्यावर पडला. त्याने मान न उचलता तेरावा फेरा दिला. आणखी एक थेंब पडला. चौदाव्याला तिसरा. ओठावर ओघळलेला थेंब त्याने नकळत जिभेने टिपला. खारट लागला.

"काका, नाक गळतंय तुमचं," चेंबरचं झाकण पहारीने उचलून धरलेला शत्रुघ्न म्हणाला.

"गळू दे. साफ पानी हाय," हरेश्वर म्हणाला. "गेल्या हप्त्यात हिरवं यायचं. साफ झालं म्हंजे आतली जखम भरली."

सतरा फेरे पुरे झाले. खालच्या पाइपात पाण्याची घरघर सुरू झाली. गल्लीतल्या मोटारी एकामागून एक चालू झाल्या. पहिल्या मजल्यावरून एका बाईने वाकून विचारलं, "आलात का काका? बरं आहे ना आता?" हरेश्वरने नुसता हात वर केला. ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. तीन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

हरेश्वर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होता. विरार पूर्वेच्या फुलपाड्यातले तेवीस व्हॉल्व्ह एकोणतीस वर्षं त्याच्या हाताखाली होते. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, किती फेरे द्यायचे, उंचावरच्या चाळीला दाब मिळावा म्हणून खालच्या इमारतीचा व्हॉल्व्ह किती आवळायचा, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. ऑफिसात नकाशा होता, पण जुन्या गावठाणातली लाइन नकाशाच्या आधीची. त्यातले तीन व्हॉल्व्ह उलट्या आट्याचे होते, म्हणजे जगात जिकडे फिरवल्यावर उघडतं तिकडे फिरवलं की ते बंद व्हायचे. त्याचा बाप बळीराम खाडीच्या अंगाला भात लावायचा. त्या जमिनीवर आता सात मजली इमारत उभी होती आणि तिचंही पाणी हरेश्वरच सोडायचा. त्याला त्याचं काही विशेष वाटत नसे.

नाकाचं दुखणं वीस वर्षांचं. आधी वर्षातून दोनदा सर्दी व्हायची, मग महिन्यातून दोनदा, मग ती गेलीच नाही. कपाळ जड, डोळ्यांच्या मागे ठणका, तोंड उघडं टाकून झोपायचं आणि सकाळी घसा कोरडा. वास तर कधीच गेला होता. बायको, हंसा, सुका जवळा भाजायला घ्यायची तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या लावून घ्यायचे, आणि हा चुलीजवळ बसून विचारायचा, आज जेवायला काय आहे. शेवटी मुलगी मनाली त्याला विरारच्या पश्चिमेला एका खासगी हॉस्पिटलात घेऊन गेली. स्कॅन झाला. नाकात मांस वाढलंय, सगळे सायनस भरलेत, दुर्बिणीतून साफ करावे लागतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

ऑपरेशन दोन तासांत झालं. दोन दिवस नाकात बोळे होते. ते काढल्यावर हरेश्वरने वीस वर्षांत पहिल्यांदा दोन्ही नाकपुड्यांतून श्वास घेतला, आणि त्याला चक्कर आल्यासारखं झालं. इतकी हवा आत जाते हे तो विसरून गेला होता.

सहाव्या दिवशी हंसा म्हणाली, "तुमच्या तोंडाजवळ वास येतोय."

"कसला?"

"मेलेल्या बोंबलाचा."

त्याला स्वतःला काहीच येत नव्हता. पण रुमालावर हिरवट घाण पडत होती आणि गाल ठणकत होता. डॉक्टरबाईंनी आत दुर्बीण घालून खपल्या काढल्या, नळीने पू ओढला, थोडा तपासायला पाठवला आणि गोळ्या बदलल्या. दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याने नाक धुवा म्हणाल्या. हंसा शाळेत पोषण आहार शिजवायला जायची. जाण्याआधी ती पाणी उकळून, निववून, मीठ मोजून बाटली भरून ठेवायची. दहाव्या दिवशी हिरवं थांबलं.

त्याच दिवशी दुपारी गावठाणातल्या सात-आठ बाया दारात आल्या. दोन दिवस तीन गल्ल्यांना पाण्याचा थेंब नव्हता. हरेश्वरच्या जागी ऑफिसाने दोन दिवसांपासून शत्रुघ्नला लावलं होतं. तो बुलढाण्याकडचा, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप आणि कामाला वाघ. पण उलट्या आट्याची गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. त्याने दोन दिवस मन लावून व्हॉल्व्ह बंद करून ठेवले होते. हरेश्वरला कुणी बोलावलं नव्हतं. ऑफिसातून फोनही आला नव्हता. फोनवर शत्रुघ्नला सांगितलं असतं तरी काम भागलं असतं. पण बाया गेल्यावर त्याने कोपऱ्यातली चप्पल पुढे ओढून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो कामावर गेला.

"वाकायचं नाय सांगितलंय तुमाला," हंसा म्हणाली.

"मी नाय वाकत. शत्रुघ्न वाकंल. मी नुसता उभा राहून सांगेन."

पण व्हॉल्व्ह उभा राहून सांगण्याची गोष्ट नव्हती. पहिल्याच चेंबरपाशी त्याने शत्रुघ्नच्या हातून चावी घेतली.

पुढचे चार दिवस पाणी येत राहिलं, गल्ल्यांना आणि त्याच्या नाकालाही. उजव्याच नाकपुडीतून यायचं. वाकलं की थेंब, जेवताना ताटावर मान घातली की थेंब. उठून उभं राहिलं की डोकं मागून ओढल्यासारखं दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. त्याने हिशेब लावला की थकवा आहे, अंगात रक्त कमी झालंय. उकडलेली अंडी खायला सुरुवात केली.

रविवारी हंसाने अंगणातल्या तारेवरचा एक रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"हात लावा याला."

"काय?"

"कसा लागतोय?"

"मऊ हाय."

"हा मी धुतलेला नाय. काल तुमी टाकला तसा तारेवर टाकला. वीस वरसं तुमचे रुमाल धुतंय मी. सर्दीचा रुमाल वाळला का पापडासारखा कडक होतो, बादलीत टाकला का आधी भिजवायला लागतो. हा बघा. पान्यात बुडवून काढल्यासारखा वाळलाय."

"मंग चांगलंच झालं ना. साफ पानी हाय म्हनून तर."

"नाकात पानी कुठून येनार साफ? शेंबूड असा वाळत नाय."

हरेश्वरने रुमाल घडी करून खिशात घातला. तिने तो पुन्हा खिशातून काढून घेतला. मग कपाटात शोधून ऑपरेशनच्या आधीचा एक न धुतलेला रुमाल काढला. तो त्याच्या जुन्या पँटच्या खिशात राहून गेला होता आणि वाळून लाकडासारखा झाला होता. दोन्ही तिने दुधाच्या पिशवीत घातले. संध्याकाळी एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या मनालीला फोन लावला. मनाली म्हणाली, "पप्पांना उद्याच दाखवू, मी हाफ डे टाकते." हरेश्वरने फोन घेतला आणि सांगितलं की गुरुवारी तपासणी ठरलेलीच आहे, तीन दिवसांसाठी कशाला सुट्टी घालवतेस.

बुधवारी सकाळी त्याला थंडी वाजली. चहा अर्धाच प्यायला. हंसा शाळेत गेली होती. दारातून बाहेर आला तेव्हा ऊन डोळ्यांत सुयांसारखं टोचलं. चप्पल घालायला त्याने खाली पाहायचा प्रयत्न केला तर मान वाकेना. हनुवटी छातीपर्यंत जातच नव्हती. पायाने चाचपून चप्पल घातली आणि तो निघाला.

नवव्या व्हॉल्व्हपर्यंत कसा गेला ते त्याला नंतर आठवलं नाही. शत्रुघ्न पुढच्या गल्लीत झाकण उघडायला गेला होता. हरेश्वरने चावी बसवली आणि फेरे द्यायला लागला. एक, दोन, तीन. सहा का सात झाल्यावर तो थांबला. सहा का सात? एकोणतीस वर्षांत त्याचा आकडा चुकला नव्हता. कुणाशी बोलत असला, कुणाशी भांडत असला तरी आत कुठेतरी फेरे मोजले जायचे. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायचं ठरवलं. पण व्हॉल्व्ह तो उघडत होता की बंद करत होता, हेच त्याला आठवेना. तो चेंबरच्या कडेला बसला.

समोरच्या तळमजल्यावर आशालता नावाची बाई साड्यांना फॉल लावायचं काम करायची. शिवणयंत्र दारातच होतं. तिने पाहिलं की काका बसलेत, चावी चेंबरात तशीच उभी आहे आणि गल्लीतून जाणाऱ्या रिक्षा हॉर्न देतायत. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"काका, बरं नाही वाटत का?"

हरेश्वरने तिच्याकडे पाहिलं. "बाई, ही कुठली लाइन?" त्याने विचारलं.

आशालता या गल्लीत लग्न होऊन आली तेव्हापासून या माणसाने सोडलेलं पाणी भरत होती. तिने तांब्या खाली ठेवला, त्याच्या कपाळाला हात लावला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, "यांच्या मिसेस शाळेत असतात खिचडी करायला. कुणीतरी गाडी घेऊन जा आणि त्यांना घेऊन या."

इथून पुढच्या पाच दिवसांचं हरेश्वरला जे माहीत आहे ते हंसाने आणि मनालीने सांगितलेलं.

हंसा शाळेतून आली ती आधी घरात शिरली. रुमालांची दुधाची पिशवी घेतली आणि मग त्याला घेऊन रिक्षात बसली. हॉस्पिटलात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने ताप पाहिला, नाकात पुन्हा जंतुसंसर्ग झालेला दिसतो म्हणाला, सलाईन लावू, रक्त तपासू. चुकीचं काही नव्हतं त्याचं. ताप होताच आणि नाकही आधी पिकलेलं होतं.

"मोठ्या डॉक्टरबाईंना बोलवा," हंसा म्हणाली.

"मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, मावशी."

"मंग मी थांबतंय."

ती थिएटरच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. बाकावर बसा म्हटलं तरी बसली नाही. अंगावर शाळेतला एप्रन तसाच होता, हळदीचे डाग पडलेला. वीस मिनिटांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा तिने दोन्ही रुमाल पुढे केले.

"हा ऑपरेशनच्या आधीचा. हा आताचा. दोनी न धुतलेले."

डॉक्टरबाईंनी आधी कडक रुमाल हातात घेतला, मग मऊ. मऊ रुमाल त्यांनी बोटांत दोनदा चुरगाळला.

"कधीपासून असं पाणी येतंय?"

"सहा दिस झाले. वाकले का जास्त येतंय. एकाच बाजूनं."

"खारट लागतं म्हणाले का?"

"हां, म्हनाले ते."

डॉक्टरबाईंनी रुमाल पिशवीत परत घातले आणि चालता चालता फोन लावला. हंसाला एवढंच कळलं की हे नाकाचं पाणी नाही, मेंदूच्या भोवतीचं पाणी आहे. मेंदू आणि नाक यांच्यामधल्या हाडाला कुठेतरी भोक पडलंय. तिथून पाणी खाली येतंय आणि त्याच वाटेने जंतू वर गेलेत. मीरा रोडच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. औषधाचं पहिलं इंजेक्शन विरारलाच दिलं गेलं. अॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टरबाई स्वतः बसल्या. हायवेवर ट्रॅफिक होता. वाटेत हरेश्वर दोनदा मोठ्याने बोलला. "चाळीला दाब नाय मिळनार," असं काहीतरी. हंसा त्याचा हात धरून "मिळंल, मिळंल" म्हणत राहिली.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. ते गढूळ निघालं. पाच दिवस तो काचेच्या दारामागे होता. शत्रुघ्न दोनदा येऊन दाराबाहेरून पाहून गेला.

सहाव्या दिवशी हरेश्वरने डोळे उघडले तेव्हा हंसा उजव्या बाजूला स्टुलावर बसली होती. तिचे ओठ हलत होते. आवाज मात्र लांबून, बंद दारापलीकडून यावा तसा येत होता.

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला.

तिने मोठ्याने काही विचारलं. मग ती उठून पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला आली.

"आता?"

"आता येतंय ऐकायला."

ती नर्सला बोलवायला गेली. तपासणीत कळलं की उजवा कान गेला. मेंदूच्या आवरणाला जंतू लागले की कधी असं होतं, ते परत येईल असं सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हरेश्वरने मान हलवली. मान आता हलत होती, तेवढं त्याने लक्षात घेतलं.

जंतू पुरते गेल्यावर दुसरं ऑपरेशन झालं. मांडीतून पातळ पडद्यासारखी एक पट्टी काढून नाकातून वर नेली आणि भोकावर लावली. त्यानंतर कितीतरी दिवस डोकं उंच उशीवर ठेवून पडून राहायचं होतं. खोकला आला तर तोंड उघडून खोकायचं. संडासला जोर करायचा नाही. हंसा गरम पाण्यातून इसबगोल द्यायची.

विरारच्या डॉक्टरबाई एका दुपारी भेटायला आल्या. मनालीही होती. डॉक्टरबाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि विचारून डाव्या बाजूला ठेवलं.

"नाकाच्या वरचं हाड काही जागी कांद्याच्या सालीएवढं पातळ असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आत वीस वर्षांची सूज होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं. भोक माझ्या हातूनच पडलं असणार. त्या वेळी ते मला दिसलं नाही. नंतर वाकण्याने, जोर करण्याने ते उघडलं."

"म्हणजे तुमची मिस्टेक आहे," मनाली म्हणाली.

"सगळी काळजी घेऊनही शंभर-दोनशेत एखाद्याला असं होतं. ऑपरेशनच्या आधी सही घेतो त्यात ते लिहिलेलं असतं. पण ते बाजूला ठेवू. साफ पाणी आलं तर त्याच दिवशी या, हे मी तोंडाने सांगायला हवं होतं. ते कागदावर छापलंय, इंग्रजीत. मी सांगितलं नाही. ती चूक माझी."

"माझ्या पप्पांचा कान गेला."

"हो."

मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. हरेश्वर छताकडे पाहत होता. त्याला बरीच जुनी गोष्ट आठवली. एकदा घाईत त्याने मोठा व्हॉल्व्ह एकदम आवळला होता. असा आवळला की पाणी उलटं धडकतं. लाइन फुटली आणि तळमजल्यावरच्या नऊ घरांत गुडघाभर पाणी शिरलं. लाइन जुनी होती, फुटली असती कधीतरी, असं सगळेच म्हणत होते. इंजिनियरने रिपोर्टात तसंच लिहायला घेतलं होतं. हरेश्वरने त्याला सांगितलं होतं की माझ्या हातून झालंय. मग त्याने त्या नऊ घरांच्या दारात जाऊनही तेच सांगितलं. एका म्हाताऱ्याने त्याला शिव्या घातल्या, एका बाईने चहा दिला.

"मीपन वाकलो, बाई," तो डॉक्टरबाईंना म्हणाला. "तुमी नको सांगितलेलं. ही रोज बोलत होती."

"तुमच्या मिसेसने रुमाल आणले म्हणून अर्धा दिवस वाचला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या अर्ध्या दिवसात काहीही झालं असतं."

हंसा डबा धूत होती. तिने नळ बंद केला नाही.

"तक्रार करायची असेल तर करा," जाताना डॉक्टरबाई मनालीला म्हणाल्या. "कागद मी सगळे देईन." मनालीने त्यांचा नंबर घेतला. पुढे बरेच दिवस ती तक्रारीचा मसुदा फोनमध्ये लिहीत होती. एकदा तिने तो हरेश्वरला वाचून दाखवला. त्याने पुरता ऐकला आणि म्हणाला, "खरं लिवलंयस. तुला वाटलं तर दे." तिने तो शेवटी पाठवला की नाही, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

घरी आल्यावर दोन महिन्यांनी ऑफिसातले इंजिनियर दिनानाथ पाटकर भेटायला आले. केळ्यांचा घड घेऊन आले, गिरीजच्या वाडीतला. त्यांची सासुरवाडी तिकडची होती.

"हरेश्वर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुझं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर वाकायचं काम कायमचं बंद लिहिलंय. तक्रार कक्षात बस. खुर्चीचं काम आहे, फोन घ्यायचा, नोंद करायची."

"एका कानानं?"

"फोन एकाच कानाला लावतात."

हरेश्वर हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाला, "पन आधी शत्रुघ्नला लाइन दाखवायला लागंल."

त्यासाठी शत्रुघ्नने रिक्षा ठरवली. सलग सहा सकाळी हरेश्वर रिक्षात ताठ बसून राहिला आणि गल्लीगल्लीत थांबत तेवीस व्हॉल्व्ह सांगत गेला. शत्रुघ्न चावी फिरवायचा आणि फोनमध्ये सगळं बोलून साठवायचा.

"हा उलटा. उजवीकडं उघडतो. तेरा फेरे, चौदावा द्यायचा नाय, आटा झिजलाय."

"समजा दिला तर?"

"मंग तू आनि मी सकाळपासून फावडी घेऊन इथंच."

नवव्या व्हॉल्व्हपाशी आशालता बाहेर आली. रिक्षात डोकं घालून म्हणाली, "ओळखलंत का?" हरेश्वर म्हणाला, "फॉलवाली. आनि ही नववी लाइन, अकरा फेरे." ती तोंडावर पदर धरून हसली.

शेवटच्या दिवशी शत्रुघ्न एका चेंबरात वाकून चावीच्या दांड्याला कान लावून ऐकत होता. खाली पाणी पोहोचलं का ते असंच कळतं. हरेश्वर रिक्षातून पाहत राहिला. शत्रुघ्नने वर पाहून मान हलवली. आलं. हरेश्वरने रिक्षावाल्याला पुढे घ्यायला सांगितलं.

तक्रार कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली होती. टेबल, फोन, जाड नोंदवही आणि भिंतीवर तो नकाशा. फोन सकाळी सातपासून सुरू व्हायचे. पाणी आलं नाही, गढूळ आलं, दाब कमी आहे, मीटर फिरतं पण थेंब नाही. मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्या भाषांतून. पत्ता अर्धा ऐकला की हरेश्वरच्या डोळ्यांसमोर चेंबर उभं राहायचं, त्याचं झाकण, झाकणाचा तुटलेला कोपरा. बोलणाऱ्याला धीर देण्याची कला त्याच्याकडे नव्हती. तो फक्त विचारायचा, कितवा मजला, मोटार कुणाची आधी चालू होते, आणि मग सांगायचा, उद्या बघा.

आषाढ संपत आला असताना एका सकाळी गावठाणामागच्या गल्लीतून एका बाईचा फोन आला. आवाज वयस्कर होता.

"चार दिवस झाले, वरच्या चाळीत पाणी चढतच नाही."

"खालची नवी बिल्डिंग चालू झाली का?"

"हो, गेल्याच आठवड्यात पूजा झाली त्यांची. तुम्हाला कसं माहीत?"

"आता तिचा व्हॉल्व्ह दोन फेरे कमी करायला लागंल. उद्यापासून चढंल पानी."

"नक्की ना? नाहीतर तुम्ही लोक नुसतं लिहून घेता," बाई म्हणाली. मग थोडं थांबून, "पहिले एक काका होते आमच्याकडे. बुटकेसे, सायकलवर यायचे. ते होते तेव्हा कधी फोन करावा लागला नाही. ते वारले का हो? कुणीतरी सांगत होतं, डोक्यात काहीतरी झालं."

"नाय," हरेश्वर म्हणाला. "हायत ते."

"मग येत नाहीत ते?"

"दुसरं काम दिलंय त्यांना."

"असं होय. बरं झालं बाई, आहेत ते. नावपण कधी विचारलं नाही आम्ही. भेटले तर सांगा, चाळीतल्या बाया आठवण काढतात म्हणून."

"सांगतो."

फोन ठेवून त्याने आधी शत्रुघ्नला लावला आणि दोन फेरे कमी करायला सांगितलं. मग नोंदवही पुढे ओढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, चाळीचं नाव, तक्रार, केलेली कार्यवाही. शेवटचा रकाना तक्रार घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावाचा होता. त्यात तो रोज नुसती सही करायचा. आज त्याने सावकाश, सुट्ट्या अक्षरांत लिहिलं: हरेश्वर बळीराम म्हात्रे.

शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली. झाडूवाली रोज सकाळी टेबल पुसताना फोन उजव्या हाताला ठेवून जायची. त्याने फोन उचलून, वायर वहीवरून ओढून घेत, डावीकडे ठेवला.